साओ जोझेमधलं लोखंड

२७ एप्रिल १७९४ रोजी लिस्बनहून एक पोर्तुगीज शिडाचं जहाज मोझांबिककडे निघालं, तिथून गुलाम भरून ब्राझीलला न्यायला. त्याचं नाव ‘साओ जोझे पाकेत द आफ्रिका’. निघताना जहाजावर काय काय चढवलं होतं याची नोंद आजही वाचायला मिळते, आणि त्या नोंदीत १,४००हून अधिक लोखंडी ठोकळे आहेत. ते मोझांबिकला विकायचे नव्हते आणि पुढे ब्राझीललाही उतरवायचे नव्हते. ते जहाजाच्या तळाशी नुसते पडून राहायचे होते, बॅलास्ट म्हणून, म्हणजे जहाजाचा तोल राखणारं वजन म्हणून.

माझी सगळी नोकरी मालवाहू जहाजांवर झाली. चीफ ऑफिसर म्हणून माझं काम मुख्यतः वजनांचं असायचं. कुठल्या होल्डमध्ये किती टन माल, कुठल्या टाकीत किती पाणी, इंधन जळत गेलं की जहाज किती वर येईल आणि या सगळ्यात त्याचा तोल कसा राहील, हे मी रोज पाहत आलो. त्यामुळे नोंदीतली ती एक ओळ कशासाठी आहे हे मला वेगळं समजून घ्यावं लागलं नाही. माणूस हा जहाजाच्या दृष्टीने हलका माल आहे. साखरेच्या पेट्यांनी किंवा दारूच्या पिंपांनी जहाज पाण्यात जसं नीट बसतं, तसं माणसांनी बसत नाही. माणसं एका जागी राहत नाहीत. जहाज कललं की एका बाजूला घसरतात. पिण्याचं पाणी रोज कमी होतं, माणसं आजारी पडून मरतात, प्रेतं समुद्रात टाकली जातात आणि जहाज आणखी हलकं होतं. म्हणून लोखंड हवं. त्या माणसांना घेऊन जहाज मोझांबिकहून निघालं ३ डिसेंबरला. म्हणजे त्याच्या सात महिने आधीच, त्यांतल्या कित्येकांना अजून कुणी हातही लावला नसेल तेव्हा, त्यांच्या वजनाचा हिशेब लिस्बनमध्ये झालेला होता.

गुलामांच्या व्यापाराबद्दल वाचताना चाबूक, डागण्या, दारू प्यायलेला कप्तान असं सगळं डोळ्यांसमोर येतं. ते होतंच. पण मला त्याहून जास्त अस्वस्थ करतं ते हे लोखंड. ही जहाजं बेशिस्त लुटारूंची नव्हती. त्यांच्यावर कुशल सुतार होते, पिंपं बांधणारे कारागीर होते, डॉक्टर होते, वाऱ्याची आणि प्रवाहांची उत्तम जाण असलेले नाविक होते. मी ज्या विद्येवर पोट भरलं तीच विद्या तिथे पूर्ण कसाला लागली होती.

या जहाजांचा मार्ग शाळेच्या पुस्तकात त्रिकोणाने दाखवतात. युरोपातून कापड, बंदुका, दारू, लोखंड घेऊन आफ्रिकेला, तिथून माणसं घेऊन अमेरिकेला, तिथून साखर आणि तंबाखू घेऊन परत युरोपला. लिव्हरपूल, ब्रिस्टल, नांत इथल्या जहाजांपुरतं हे बरोबर आहे. पण शिडाच्या जहाजाला त्रिकोण कळत नाही, त्याला वारा कळतो. उत्तर अटलांटिकात वारे आणि प्रवाह घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, दक्षिण अटलांटिकात उलटे. दक्षिणेकडच्या या चक्रामुळे ब्राझीलला युरोपची गरजच उरली नव्हती. रिओ द जानेरोहून किंवा साल्वाडोरहून निघालेलं जहाज तंबाखू आणि उसाची दारू घेऊन आफ्रिकेला जाई. अंगोलातल्या लुआंडाहून माणसं भरली की आग्नेय व्यापारी वारे पाठीशी घेऊन पाच-सहा आठवड्यांत परत. सरळ जाणं आणि सरळ येणं. ज्या बंदरांतून निघालेल्या जहाजांनी सर्वांत जास्त गुलाम वाहून नेले त्यांत लिव्हरपूलच्याही वर रिओ आणि साल्वाडोरची नावं येतात.

आपल्याकडे मात्र गुलामी म्हटलं की उत्तर अमेरिका आठवते, आणि त्याला कारणही आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांना, त्यांनी निग्रोंना दास्यातून मुक्त करण्यासाठी दाखवलेल्या औदार्याबद्दल. त्या अर्पणपत्रिकेमुळे महाराष्ट्राच्या मनात हा विषय अमेरिकेशी कायमचा जोडला गेला, आणि ते चांगलंच झालं. पण आकडे पाहिले तर नकाशा दक्षिणेकडे कलतो. साधारण साडेतीनशे वर्षांत आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अंदाजे १ कोटी २५ लाख माणसं जहाजांत चढवली गेली. पलीकडे जिवंत उतरली १ कोटी ७ लाख. त्यांपैकी आजच्या युनायटेड स्टेट्सच्या भागात थेट आफ्रिकेतून आलेली चार लाखांच्या आतबाहेर. एकट्या ब्राझीलमध्ये ४८ लाखांच्या आसपास. मधले १८ लाख अटलांटिकच्या तळाशी आहेत.

रिओला जहाज थांबलं असताना मी व्हालोंगोचा धक्का पाहायला गेलो होतो. १८११ साली बांधलेला, दगडी फरसबंदीचा. १८४३मध्ये सम्राटाची वधू उतरणार म्हणून त्याच्यावरच नवा धक्का बांधला आणि त्याचं नावही बदललं. पुढे त्याच्यावर भर पडत गेली, रस्ते झाले, आणि २०११मध्ये ऑलिंपिकच्या आधी बंदर भागाची खोदकामं चालली होती तेव्हा जुने दगड पुन्हा वर आले. सुमारे नऊ लाख माणसं इथून ब्राझीलमध्ये शिरली असं मानतात. २०१७ साली त्याला जागतिक वारसास्थळ ठरवलं. समुद्र आता तिथून लांब सरकला आहे, रस्त्यापेक्षा खालच्या पातळीवर एक खड्ड्यासारखी मोकळी जागा दिसते. दगड ओबडधोबड आहेत, अनवाणी पायांना टोचतील असे. माझ्याबरोबर आलेला तरुण थर्ड ऑफिसर बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारलं, “सर, इथे ड्राफ्ट किती असेल?” म्हणजे पाण्यात किती खोल बुडणारं जहाज इथे लागू शकेल. मला त्याचा राग आला नाही. आम्हाला समुद्राविषयी असेच प्रश्न विचारायला शिकवलेलं असतं.

उत्तरेकडच्या मार्गावर वेगळी अडचण होती. आजच्या नायजेरियातल्या बॉनी किंवा कलाबारहून निघालेल्या जहाजाला सरळ पश्चिमेला जाता येत नसे. गिनीचा प्रवाह त्याला पूर्वेकडे ढकलत राही. म्हणून आधी दक्षिणेला, विषुववृत्ताजवळच्या साओ तोमे बेटाकडे जायचं, तिथे पाणी भरायचं आणि मग आग्नेय वारे पकडायचे. विषुववृत्ताच्या शांत पट्ट्यात वारा पडला तर जहाज दिवसच्या दिवस जागेवर उभं. आमच्या काळात इंजिन असल्यामुळे हा पट्टा म्हणजे नुसता उकाडा आणि अधूनमधून पाऊस. त्या काळात इथे घालवलेला प्रत्येक दिवस पाण्याच्या पिंपांतून वजा होई.

आणि समुद्रप्रवास ही कैदेची सुरुवात नव्हती. जहाजं आफ्रिकेच्या किनाऱ्यावर महिनोन् महिने नांगर टाकून उभी असत. आज चार, उद्या सात, असं करत माणसं विकत घेतली जात. पहिल्या आठवड्यात चढवलेला माणूस जहाज हलायच्या आधीच कित्येक महिने खालच्या अंधारात असे. किनारा दिसत होता तोवर उठाव व्हायची भीती सर्वांत जास्त. म्हणून डेकच्या मधोमध माणसापेक्षा उंच लाकडी भिंत बांधत, तिच्यात बंदुकांसाठी भोकं ठेवत, आणि कुणी उडी मारू नये म्हणून कठड्याभोवती जाळी लावत. तरीही अंदाजे दर दहा सफरींपैकी एका सफरीत कैद्यांनी उठाव केला. बहुतेक उठाव मोडून काढले गेले. पण त्यांच्या धास्तीने मालकांना जास्त खलाशी, जास्त बंदुका, जास्त बेड्या ठेवाव्या लागल्या, खर्च वाढला, आणि त्यामुळे कित्येक सफरी निघाल्याच नाहीत असं अभ्यासक मांडतात. जे बेड्यांत मेले त्यांनी आपल्याला कधीही न दिसलेल्या माणसांना वाचवलं.

आता खालचा डेक. लिव्हरपूलच्या ‘ब्रूक्स’ जहाजाचा आराखडा १७८८-८९मध्ये गुलामीविरोधी समित्यांनी छापून वाटला. काळ्या आकृत्या ओळीने मांडलेलं ते चित्र अनेकांनी पाहिलं असेल. पुरुषाला सहा फूट लांब आणि सोळा इंच रुंद जागा. बाईला लांबीत दोन इंच कमी. मुलग्याला पाच फूट आणि चौदा इंच, मुलीला साडेचार फूट आणि बारा इंच. दोन डेकांमधली उंची पाच फूट आठ इंच, पण तीही पूर्ण मिळत नसे. चाळीतल्या खोलीत पोटमाळा काढतात तशी दोन्ही बाजूंनी मधल्या उंचीवर फळ्यांची एक माची ठोकलेली असे, आणि माचीच्या वर-खाली माणसं. म्हणजे प्रत्येकाच्या डोक्यावर अडीच फुटांच्या आसपास जागा. उठून बसता येत नाही. कायद्याने या जहाजाला ४५४ माणसं न्यायची परवानगी होती. तो कायदा येण्याच्या आधी एका सफरीत त्याने ६०९ नेली होती.

हा आराखडा मी नेहमी धंद्याच्या नजरेने पाहतो आणि प्रत्येक वेळी त्यात काय नाही ते दिसतं. शौचासाठीच्या बालद्या चित्रात नाहीत. साखळ्या फार बारकाईने शोधाव्या लागतात. आकृत्या स्थिर आहेत, समुद्र नाही. प्रत्यक्षात पुरुष दोन-दोन जोडलेले असत, एकाचा उजवा पाय दुसऱ्याच्या डाव्या पायाला. शेजाऱ्याला हगवण लागली असेल तर रात्री त्याच्याबरोबर अंधारात, इतरांच्या अंगांवरून, बालदीपर्यंत जायचं. बहुतेकांना ते जमत नसे. अलेक्झांडर फाल्कनब्रिज नावाचा डॉक्टर अशा जहाजांवर नोकरी करून परतला आणि १७८८मध्ये त्याने जे पाहिलं ते लिहून प्रसिद्ध केलं. पाऊस-वादळ आलं की हवेची भोकं बंद करावी लागत आणि जाळीवर ताडपत्री टाकावी लागे. अशाच एका वेळी तो खाली उतरला. उकाडा इतका की अंगातला सदरा काढूनही त्याला फार वेळ थांबता आलं नाही. रक्त आणि आव यांनी फळ्या अशा माखल्या होत्या की ती जागा त्याला कत्तलखान्यासारखी वाटली. लाकडावर कातडी सोलवटून कोपरांची हाडं उघडी पडलेली माणसं त्याने पाहिली. हा माणूस पुढे पार्लमेंटच्या चौकशीत साक्षीला उभा राहिला. खूप जणांनी तेच पाहिलं होतं. बोलले थोडे.

मृत्यूचं मोठं कारण रक्ती हगवण आणि तिच्यातून शरीरातलं पाणी जाणं हे होतं. त्या उकाड्यात घाम, त्यात हगवण, आणि जेवणाबरोबर मोजून दिलेलं जेमतेम पाव लिटर पाणी. अन्न म्हणजे उकडून लगदा केलेले जाडे घेवडे, भात, कोनफळासारखे कंद. कुणी खायला नकार दिला तर जबडा उघडायचं लोखंडी यंत्र जहाजावर असे. हवा बरी असली की सगळ्यांना वर आणून चाबकाच्या धाकाने नाचायला लावत, शरीरं विक्रीपर्यंत टिकावीत म्हणून.

खलाशांचंही सांगायला हवं, कारण ते माझ्या जातीचे, म्हणजे समुद्रावर पोट भरणारे. ब्रिटिश जहाजांवरच्या खलाशांतले साधारण पाचांतला एक या सफरीत मरे. गुलामीविरोधी चळवळीतला टॉमस क्लार्कसन १७८७मध्ये ब्रिस्टलच्या खानावळींत रात्री हिंडला तेव्हा त्याने पाहिलं की तरुण मुलांना दारू पाजून, उधारीत अडकवून या जहाजांवर चढवलं जातं. त्याने खलाशांच्या हजेरीपटांवरून हजारो नावांचा माग काढला. कर्जात अडकलेली ही पोरं दुसऱ्यांना बेड्या घालत होती, बायकांवर अत्याचार करत होती, आणि वेस्ट इंडिजला पोचल्यावर नको झाली की आजारी अवस्थेत धक्क्यावर सोडून दिली जात होती. त्यांची दया येते, पण त्या दयेने त्यांनी केलेलं पुसलं जात नाही. एक फरक मात्र राहतोच. खलाशांचे हजेरीपट होते आणि त्यांत नावं होती. खालच्या डेकवरच्या माणसांचे आकडे होते.

साओ जोझे निघालं होतं ते ब्राझीलच्या उत्तरेकडच्या मारान्याओला, जिथे कापसाची आणि भाताची शेती वाढत होती. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून, केप ऑफ गुड होपला वळसा घालून, जवळजवळ चार महिन्यांचा प्रवास. मोझांबिकचा किनारा हे नाव वाचताना मला आपला किनारा आठवल्याशिवाय राहत नाही. १७५२पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली होता. नंतरही तिथली सगळी देवघेव आपल्या बाजूच्या कापडावर चालत राहिली. दीव आणि दमणचे व्यापारी गुजरातेतल्या जंबुसरसारख्या गावांतून विणलेलं सुती कापड मोझांबिकला नेत, आणि आतल्या मुलखात तेच चलन होतं. कुठला रंग, कुठली पट्टी यंदा चालेल हे तिथली गिऱ्हाइकं ठरवत आणि इथले विणकर त्याप्रमाणे विणत. आधी त्या कापडाने हस्तिदंत विकत घेतलं जाई, पुढे माणसं. पश्चिम आफ्रिकेतही कोरोमंडल किनाऱ्याचं कापड आणि मालदीवच्या कवड्या याच कामाला लागल्या. विणणाऱ्याला आपल्या कापडाचं पुढे काय होतं हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. व्यापाऱ्याला होतं. अटलांटिकची ही गोष्ट म्हणजे गोऱ्यांचं पाप आणि आपण लांबचे प्रेक्षक, असं मला म्हणवत नाही.

२७ डिसेंबरच्या रात्री केप टाउनजवळ साओ जोझे किनाऱ्याला फार लगटून आलं आणि खडकांत अडकलं. मोझांबिक सोडून चोवीस दिवस झाले होते. त्या किनाऱ्याच्या बाहेरून मीही गेलो आहे. समोर डोंगर इतका जवळ दिसतो की अंतराचा अंदाज चुकतो, आणि लाटा थंडगार असतात. कप्तान आणि खलाशी वाचले. जहाजावर ४००हून जास्त बंदी होते, त्यांतले निम्म्याच्या आसपास किनाऱ्याला लागले. २००हून अधिक बुडाले. वाचलेल्यांना थोड्याच दिवसांत केपमध्ये पुन्हा विकण्यात आलं. कप्तानाने डच अधिकाऱ्यांपुढे दिलेला जबाब तिथल्या दफ्तरखान्यात राहिला. जहाज फुटलं, लाकूड वाहून गेलं. लोखंड तळाशीच राहिलं. विसाव्या शतकात काही हौशी पाणबुड्यांना ते अवशेष सापडले, पण त्यांना ते जुनं डच जहाज वाटलं. पुढे संशोधकांना तो जबाब मिळाला, लिस्बनची नोंद मिळाली आणि त्यातल्या त्या लोखंडी ठोकळ्यांवरून ओळख पटली. माणसांचं वजन भरून काढायला ठेवलेल्या लोखंडानेच ती माणसं तिथे होती याची साक्ष दिली. २०१५च्या जूनमध्ये मोझांबिक बेटावरची माती आणून त्या जागी समुद्रात सोडली गेली.

‘झाँग’ या ब्रिटिश जहाजाची हकिगत साओ जोझे बुडण्याच्या तेरा वर्षं आधीची. १८ ऑगस्ट १७८१ला हे जहाज ४४२ माणसं घेऊन आजच्या घानाच्या किनाऱ्यावरून निघालं. जहाज मुळात लहान, त्यात इतकी गर्दी. जमैका समोर आलं असताना ते दुसरंच बेट समजून जहाज पुढे गेलं. पाणी पुरणार नाही असं कारण देऊन २९ नोव्हेंबरला ५४ बायका-मुलांना समुद्रात फेकलं. १ डिसेंबरला ४२ पुरुषांना. नंतर आणखी ३६. मधल्या काळात पाऊस पडला होता आणि पिंपं भरून घेतली होती. दहा जणांनी स्वतः उड्या टाकल्या. २२ डिसेंबरला जहाज जमैकाला लागलं तेव्हा २०८ जिवंत होते.

समुद्री कायद्यात एक जुना आणि न्याय्य नियम आहे, आम्हाला तो परीक्षेसाठी पाठ करावा लागतो. जहाज वाचवण्यासाठी काही माल समुद्रात टाकावा लागला तर त्याचं नुकसान एकट्या मालवाल्याच्या माथी मारायचं नाही. विम्याचा विचारही याच वाटेने जाई. गुलाम आजाराने मेला तर नुकसान मालकाचं. नाइलाजाने समुद्रात टाकला तर विमा कंपनीचं, माणशी ३० पौंड. मालकांनी दावा लावला आणि मार्च १७८३मध्ये ज्यूरीने त्यांच्या बाजूने निकाल दिला. विमेवाले वरच्या न्यायालयात गेले. घोडे फेकले असते तर जो प्रश्न उभा राहिला असता तोच इथे आहे, अशा अर्थाचं तिथले न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड बोलले. पावसाचा मुद्दा पाहून त्यांनी फेरसुनावणीचा आदेश दिला, पण खून म्हणून कुणावरही खटला चालला नाही. ही बातमी गुलामीविरोधी कार्यकर्ता ग्रॅनव्हिल शार्पपर्यंत नेली ओलॉदा इक्वियानोने, जो स्वतः गुलामीतून सुटलेला होता. ज्या पुस्तकातून तो नियम मी शिकलो त्याच्या मुळाशी मला या खटल्याची सावली दिसते. नव्या कॅडेट मुलांना तो नियम शिकवताना मी झाँगचं सांगतो. ते परीक्षेत येत नाही, तरी सांगतो.

नावं मात्र सगळीच गेली असं नाही. गुलामांच्या व्यापारावर बंदी घालणाऱ्या १८०७च्या ब्रिटिश कायद्यानंतर ब्रिटिश नौदल अटलांटिकात गुलामांची जहाजं पकडून सिएरा लिओनमध्ये फ्रीटाउनला आणू लागलं. तिथे उतरवलेल्या प्रत्येकाची नोंद वहीत व्हायची: नाव, वय, उंची, अंगावरच्या खुणा. हे लोक मोकळे झाले म्हणायचं, पण कित्येकांना सक्तीच्या उमेदवारीवर किंवा सैन्यात पाठवलं गेलं. वही मात्र राहिली. क्युबातल्या हवानाच्या अशाच नोंदी धरून अशी ९०,०००हून जास्त माणसं आता नावानिशी ठाऊक आहेत. दुभाष्यामार्फत ऐकून इंग्रज कारकुनाने जमेल तशी लिहिलेली ही नावं संशोधकांनी उच्चारांसकट सर्वांपुढे ठेवली आणि पश्चिम आफ्रिकेतल्या लोकांना विचारलं, हे नाव तुमच्या ओळखीचं आहे का? कुणी सांगतं हे योरुबा आहे, कुणी इग्बो, कुणी मेंडे. काही नावं अमुकच भागात ठेवतात, त्यावरून तो माणूस किनाऱ्यापासून किती आतून आणला गेला असेल त्याचा अंदाज बांधता येतो. आजवर प्रत्येक जहाजाचा मार्ग बंदरापासून सुरू व्हायचा. या वाचनामुळे त्यातले काही मार्ग आता बंदराच्या मागे, नदीच्या वर, गावांपर्यंत आखता येऊ लागले आहेत.